पिकअपला मोठे टायर: ॲव्हरेज किती घटते आणि हिशोब कसा करावा?

टायरवरील जीएसटी कमी झाल्यापासून घासलेले टायर बदलण्याचा विचार अनेक पिकअपमालक करत आहेत. अशा वेळी ‘वाचलेल्या पैशांत एक साइज मोठा टायर बसवा’ हा सल्ला हमखास मिळतो. मोठ्या टायरने गाडी उंच होते, खड्डे जाणवत नाहीत, माल जास्त बसतो, असे सांगितले जाते. काही जण उलट सांगतात, की मोठ्या टायरने ॲव्हरेज पार उतरते. दोन्ही बाजूंमध्ये थोडे तथ्य आणि बराच गैरसमज आहे. मलकापूर, कराड, पाटण, इस्लामपूर या पट्ट्यातून भाजीपाला, आले, केळी, द्राक्षे वाहणाऱ्या पिकअपसाठी हा हिशोब कसा मांडावा, ते या लेखात पाहू.

हा विषय आत्ताच का?

जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीतील निर्णयानुसार २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या हवेच्या टायरवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तर मालवाहू वाहनांवरील करही २८ वरून १८ टक्के झाला. समजा, पिकअपच्या एका टायरची करापूर्वीची किंमत ८,००० रुपये आहे. आधी तो १०,२४० रुपयांना पडत होता, आता ९,४४० रुपयांना पडेल. म्हणजे चार टायरमागे ३,२०० रुपये वाचतात. हीच रक्कम मोठ्या टायरकडे वळवण्याचा मोह होतो.

दुसरे कारण रस्त्याचे आहे. पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गाच्या शेंद्रे ते कागल टप्प्यातील सहापदरीकरण आणि मलकापूर-कराड येथील उड्डाणपुलाचे काम यांमुळे वाहनांना दीर्घकाळ सेवा रस्त्यावरून, खड्ड्यांतून आणि थांबत-थांबत जावे लागले. अशा रस्त्यावर गाडी आदळू लागली, की मोठे टायर हाच उपाय वाटू लागतो. मात्र वारंवार थांबून पुन्हा निघणाऱ्या गाडीलाच जड चाकांचा भुर्दंड जास्त बसतो, हे लक्षात घेतले जात नाही.

टायरवरचे आकडे आधी वाचा

टायरच्या कडेवर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले असते. यातील २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे डिस्कचा व्यास इंचांत. या आकड्यांवरून कोणत्याही टायरचा व्यास काढता येतो. डिस्कचे इंच २५.४ ने गुणावेत आणि त्यात भिंतीची उंची दोनदा मिळवावी.

पिकअप वर्गात दिसणाऱ्या काही आकारांची तुलना अशी:

- १९५/८० आर १५: व्यास सुमारे ६९३ मिमी
- २१५/७५ आर १५: व्यास सुमारे ७०४ मिमी, एका फेऱ्यात २.२१ मीटर अंतर
- २३५/७५ आर १५: व्यास सुमारे ७३४ मिमी, एका फेऱ्यात २.३० मीटर अंतर
- ३१ × १०.५ आर १५: व्यास सुमारे ७८७ मिमी, एका फेऱ्यात २.४७ मीटर अंतर

म्हणजे २१५/७५ वरून २३५/७५ वर गेल्यास चाक ४.३ टक्के मोठे होते. ३१ इंची टायर बसवल्यास ते जवळपास १२ टक्के मोठे होते.

उंचीचा फायदा किती? व्यासात वाढ झाली, तरी गाडी त्याच्या निम्मीच उचलली जाते. पहिल्या बदलात गाडी फक्त १५ मिमी उंच होते, म्हणजे बोटाच्या जाडीएवढी. ३१ इंची टायरने ४२ मिमी मिळतात. पण तो टायर पूर्ण भारात आणि पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर मडगार्डला किंवा पाट्याला घासण्याची शक्यता असते. शेतरस्त्यावर गाडीचे पोट टेकते म्हणून टायर बदलणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा.

मीटरमध्ये होणारा फरक

मोठ्या टायरविषयीचा सर्वांत मोठा गोंधळ येथे होतो. गाडीचा किलोमीटर मीटर अंतर मोजत नाही, चाकाचे किंवा गिअरबॉक्सचे फेरे मोजतो. एका फेऱ्यात किती अंतर जाते हे कंपनीने मूळ टायरनुसार ठरवलेले असते. टायर मोठा झाला, की प्रत्येक फेऱ्यात जास्त अंतर कापले जाते. पण मीटर जुन्याच हिशोबाने अंतर दाखवतो. म्हणजे गाडी प्रत्यक्षात १०४.३ किलोमीटर धावली, तरी मीटरवर १०० च दिसतात.

त्यामुळे मीटर पाहून ॲव्हरेज काढणाऱ्याला घट खऱ्यापेक्षा जास्त दिसते. एक नमुना उदाहरण घेऊ:

- जुने २१५/७५ टायर: मीटरवर ५०० किमी, डिझेल ३९ लिटर. ॲव्हरेज १२.८ किमी.
- नवे २३५/७५ टायर: मीटरवर ५०० किमी, डिझेल ४२ लिटर. ॲव्हरेज ११.९ किमी. घट ७ टक्के दिसते.
- दुरुस्त हिशोब: खरे अंतर ५०० × १.०४३ = ५२१ किमी. ॲव्हरेज १२.४ किमी. खरी घट ३ टक्क्यांच्या थोडी पुढे.

निम्म्याहून अधिक घट मीटरमधील फरकाने आलेली आहे. मात्र उरलेली ३ टक्के घट खरी आहे आणि तिचे पैसे दर महिन्याला पंपावर मोजावे लागतात.

याच फरकामुळे वेगही चुकीचा दिसतो. मीटरवर ताशी ८० किलोमीटर दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ८३ किलोमीटरहून थोड्या अधिक वेगाने धावत असते. सर्व्हिसिंगचे किलोमीटरही उशिरा भरतात, म्हणजे ऑइल बदल लांबतो. गाडी भाड्याने किलोमीटरच्या दराने चालत असेल, तर मालकाचे भाडेही तेवढेच कमी मोजले जाते.

घासलेला टायर ‘चांगले ॲव्हरेज’ का देतो?

नवे टायर टाकल्यावर ॲव्हरेज उतरले, अशी तक्रार त्याच आकाराचे टायर बसवणारेही करतात. यामागे दोन कारणे आहेत. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असेल आणि घासलेल्या टायरची १.६ मिमी उरली असेल, तर व्यासात जवळपास १३ मिमी म्हणजे सुमारे पावणेदोन टक्के फरक पडतो. तेवढा फरक मीटरमध्ये येतो. शिवाय नव्या टायरची जाड रबराची नक्षी रस्त्यावर दबते, वाकते आणि त्यात थोडी ऊर्जा जाते. टायर जसजसा घासतो तसतसा हा विरोध कमी होतो.

म्हणून गुळगुळीत झालेला टायर ‘चांगले ॲव्हरेज देतो’ असे वाटते. पण नक्षी १.६ मिमीपर्यंत आली, की टायर बदललाच पाहिजे. पावसाळ्यात पाण्याचा थर कापण्याची ताकद त्यात उरत नाही आणि ब्रेक दाबल्यावर गाडी घसरते. जुन्या घासलेल्या टायरची तुलना नव्या मोठ्या टायरशी केल्यास निष्कर्ष चुकतो.

डिझेल खरेच कुठे जाते?

१) नक्षी आणि रबर. टायर फिरताना जमिनीला टेकलेला भाग सतत दबतो आणि सुटतो. यात टायर तापतो. ती उष्णता म्हणजे वाया गेलेले डिझेल. याला लोळण-विरोध म्हणता येईल. अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००६ मधील अहवालानुसार हा विरोध १० टक्क्यांनी कमी झाल्यास प्रवासी वाहनांचे इंधन १ ते २ टक्के वाचते. खोल, तुटक नक्षीचा बटण टायर चिखलात पकड देतो. पण डांबरी रस्त्यावर त्याचे ठोकळे वाकत राहतात. त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या साध्या रेषांच्या नक्षीच्या टायरपेक्षा तो जास्त इंधन खातो. ॲव्हरेजवर व्यासापेक्षा नक्षीचा परिणाम अनेकदा मोठा असतो.

२) गिअरचा मेळ. चाक मोठे झाले, की इंजिनाची ताकद रस्त्यापर्यंत कमी पोहोचते. २३५/७५ टायरमुळे चाकाची ओढ सुमारे ४ टक्के, तर ३१ इंची टायरमुळे सुमारे ११ टक्के घटते. भरलेली गाडी चढावर आधी तिसऱ्या गिअरमध्ये निघत असेल, तर आता दुसरा टाकावा लागतो. क्लच जास्त वेळ दाबून ठेवण्याची सवय असेल, तर क्लच प्लेटही लवकर जाते. सपाट, मोकळ्या रस्त्यावर मात्र त्याच वेगाला इंजिनाचे फेरे थोडे कमी होतात. तेथे घट कमी दिसते आणि हलक्या भारात कधी थोडा फायदाही होऊ शकतो. ‘मोठ्या टायरने ॲव्हरेज वाढले’ म्हणणारा मालक बहुधा अशाच रस्त्यावर चालणारा असतो.

३) चाकाचे वजन. हौद्यातील दहा किलो आणि चाकाच्या परिघावरील दहा किलो सारखे नसतात. चाकाचे वजन पुढे ढकलावे लागते आणि फिरवावेही लागते. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला, की ती ऊर्जा उष्णतेत जाते आणि पुन्हा निघताना नव्याने द्यावी लागते. एकसमान वेगात याचा परिणाम थोडा असतो. सिग्नल, वळणे, सेवा रस्ते आणि बाजार आवारात तो वाढतो.

४) वारा. रुंद टायर आणि उंचावलेली गाडी वाऱ्याला जास्त अडते. हा परिणाम गावातील वेगात नगण्य असतो. ताशी ७०-८० च्या वेगात जाणवतो. उंच रचलेल्या क्रेटवर ताडपत्री सैल फडफडत असेल, तर त्याचाही वाऱ्याला अडथळा होतो.

मलकापूरहून निघणाऱ्या तीन वाटा

मलकापूर हे महामार्ग, चिपळूणकडे जाणारा रस्ता आणि ढेबेवाडी खोऱ्यात जाणारा रस्ता यांच्या सांध्यावर आहे. येथील पिकअप कोणत्या वाटेवर जास्त धावते, यावर मोठ्या टायरचा परिणाम ठरतो.

पुणे-वाशी बाजार. पुण्याचे मार्केट यार्ड सुमारे १६० किलोमीटरवर आहे, वाशीची बाजार समिती त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर. बहुतांश रस्ता महामार्गाचा आहे. जाताना माल भरलेला असतो, येताना गाडी बऱ्याचदा रिकामी किंवा अर्धी असते. या वाटेवर वारा आणि टायरची नक्षी हे मुख्य घटक ठरतात. पुण्याहून परतताना खंबाटकी घाटाचा चढ लागतो. परतीचे भाडे भरलेले असेल, तर तेथे गिअर उतरवावा लागतो. या वाटेसाठी साध्या रेषांच्या नक्षीचा, मूळ आकाराचा रेडियल टायर सर्वांत किफायतशीर ठरतो.

पाटण-कोयनानगर-चिपळूण. या वाटेवर कुंभार्ली घाट आहे. भाजीपाला भरून गाडी घाट उतरते आणि परत येताना चढते. उतारावर मोठा टायर इंधनापेक्षा ब्रेकच्या दृष्टीने धोक्याचा आहे. ब्रेकची डिस्क-ड्रम तेवढीच राहते. पण चाक मोठे झाल्याने तेवढ्याच दाबाला रस्त्यावर मिळणारी रोखण्याची ताकद कमी होते. इंजिन ब्रेकिंगही त्याच प्रमाणात कमी पडते. पावसाळ्यात, धुक्यात, पूर्ण भारात हा फरक चालकाला सर्वांत जास्त भोवतो. घाटवाटेवर धावणाऱ्या गाडीने आकार वाढवू नये, असा स्पष्ट सल्ला आहे.

शेत, गाव आणि फाटा. ढेबेवाडी खोरे, कृष्णाकाठची गावे, आगाशिवच्या पायथ्याची शिवारे अशा वाटांवर फेऱ्या लहान, थांबे जास्त आणि रस्ता कच्चा असतो. येथे पकड हवी असते, हे खरे. पण रोज शंभर किलोमीटर डांबरी आणि दोन किलोमीटर कच्चा रस्ता असेल, तर दोन किलोमीटरसाठी बटण टायर बसवून शंभर किलोमीटर डिझेल जाळले जाते. अशा वेळी मूळ आकारातच, मागील चाकांना थोड्या खोल मिश्र नक्षीचे टायर निवडावेत.

ट्रॅक्टरचा नियम पिकअपला लागू नाही

मोठ्या टायरवरील विश्वास बऱ्याच अंशी ट्रॅक्टरच्या अनुभवातून आला आहे. शेतात तो अनुभव बरोबरच आहे. भुसभुशीत जमिनीत रुंद टायर आणि कमी हवा असेल, तर चाक कमी रुतते, कमी घसरते आणि डिझेल वाचते. नांगरणीत चाकांची घसरण साधारण १० ते १५ टक्क्यांच्या आत ठेवावी लागते, ती याच मार्गाने साधते.

डांबरी रस्त्यावर जमीन दबत नाही, टायरच दबतो. तेथे कमी हवा आणि खोल नक्षी म्हणजे थेट तोटा. ऊस किंवा खत वाहतुकीसाठी ट्रॅक्टर रस्त्यावर आणतानाही शेतातील कमी हवा तशीच ठेवू नये. पिकअप तर नव्वद टक्के वेळ रस्त्यावरच असते.

मोठा टायर म्हणजे जास्त भरती नव्हे

गाडी किती माल वाहू शकते, हे आरसी बुकातील एकूण वजनावर ठरते. चेसिस, पाटे, हाऊसिंग, बेअरिंग आणि ब्रेक यांच्या क्षमतेवरून कंपनीने तो आकडा ठरवलेला असतो. टायर बदलल्याने यातील काहीही बदलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा भरतीसाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

याहून गंभीर बाब टायरच्या भारक्षमतेची आहे. आकारानंतर लिहिलेला आकडा म्हणजे भार निर्देशांक. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो, ११२ म्हणजे १,१२० किलो. पिकअपसाठीच्या टायरवर बहुधा ‘एलटी’ अक्षरे किंवा ८ पीआर, १० पीआर असे थर लिहिलेले असतात. जीपगाड्यांसाठीचे रुंद, देखणे टायर पिकअपच्या डिस्कवर बसतात. पण त्यांचा भार निर्देशांक कमी असू शकतो. असा टायर दिसायला मोठा, पण वाहायला दुबळा असतो. भरलेल्या गाडीत उन्हाळ्यात तो फुटण्याचा धोका वाढतो. त्यामुळे नवा टायर घेताना भार निर्देशांक मूळ टायरइतका किंवा जास्त असल्याची खात्री करावी.

कायदा, पासिंग आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार विनापरवाना बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

याचा व्यवहारातील अर्थ असा: गाडीच्या पुस्तिकेत किंवा दारावरील पट्टीवर त्या मॉडेलसाठी एकाहून अधिक आकार दिलेले असतील, तर त्यांपैकी कोणताही घ्यावा. त्याबाहेरचा आकार घेतल्यास पासिंगच्या वेळी अडचण येऊ शकते. न कळवलेला बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही अडसर ठरू शकतो. शंका असल्यास कराड (एमएच ५०), सातारा (एमएच ११) किंवा सांगली (एमएच १०) येथील परिवहन कार्यालयात आधी विचारावे.

टायरच्या दर्जाबाबतही नियम बदलले आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२२ मध्ये लोळण-विरोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांच्या मर्यादा बंधनकारक केल्या. नव्या रचनेच्या टायरना त्या ऑक्टोबर २०२२ पासून आणि आधीपासून बनणाऱ्या टायरना एप्रिल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाल्या. हलक्या मालवाहू वाहनांचे टायरही त्यात येतात. दुकानात पडून राहिलेला जुना टायर स्वस्त मिळत असेल, तर त्याची तारीख पाहावी. कडेवरील चार आकडी संख्येत पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा.

पैशांचा हिशोब

समजा, गाडी महिन्याला २,५०० किलोमीटर धावते, ॲव्हरेज १३ आहे आणि डिझेल ९० रुपये लिटर धरले. महिन्याला १९२ लिटर लागते. मोठे आणि बटण नक्षीचे टायर बसवल्याने खरी घट ५ टक्के झाली असे धरले, तर ॲव्हरेज १२.३५ होते आणि २०२ लिटर लागते. म्हणजे महिन्याला १० लिटर जादा, सुमारे ९०० रुपये. वर्षाला पावणेअकरा ते अकरा हजार रुपये. जीएसटी कपातीतून वाचलेले ३,२०० रुपये चार महिन्यांच्या आत संपतात. त्यात रुंद टायरची जादा किंमत, नव्या डिस्क आणि क्लच-बेअरिंगची झीज धरलेली नाही. प्रत्येकाने आपले किलोमीटर, ॲव्हरेज आणि डिझेलचा दर घालून हाच हिशोब करावा.

आता दुसरी बाजू. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार चारही टायरमध्ये सरासरी १ पीएसआय हवा कमी असल्यास इंधन सुमारे ०.२ टक्के जास्त लागते. हा आकडा हलक्या वाहनांचा आहे. त्या हिशोबाने १० पीएसआय हवा कमी असेल, तर २ टक्के, म्हणजे वरील उदाहरणात महिन्याला साडेतीनशे रुपयांच्या आसपास जातात. ते वाचवण्यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही.

मोठ्या टायरमध्ये नेमकी किती हवा भरायची, हा प्रश्नही उरतोच. दारावरील पट्टीवरचा आकडा मूळ आकारासाठी असतो. मग गाडी आदळू नये म्हणून अंदाजाने कमी हवा ठेवली जाते आणि दुहेरी तोटा होतो.

काय करावे?

- मूळ आकार, मूळ किंवा जास्त भार निर्देशांक आणि रस्त्याला साजेशी नक्षी, या क्रमाने टायर निवडावा.
- हवा सकाळी गाडी काढण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. पुढची आणि मागची, रिकामी आणि भरलेली यांचे आकडे पुस्तिकेत वेगळे असतात. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले, की हवा सुमारे एक पीएसआयने घटते. म्हणून थंडी सुरू होताच एकदा तपासणी करावी.
- एका एक्सलवर दोन वेगळ्या आकारांचे टायर बसवू नयेत. डाव्या-उजव्या चाकात फरक राहिला, तर डिफरन्शिअलवर सतत ताण येतो. स्टेपनीही त्याच आकाराची असावी.
- नवे टायर बसवल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करावे. तिरके चाक टायर आणि डिझेल दोन्ही खाते.
- मोठे टायर आधीच बसवले असतील, तर मोबाइलच्या जीपीएसवर ५० किलोमीटर अंतर मोजून मीटरशी ताडून पाहावे. जीपीएसचे अंतर भागिले मीटरचे अंतर, हा आपला दुरुस्तीचा गुणक. पुढील प्रत्येक ॲव्हरेज त्याने गुणावे आणि सर्व्हिसिंग तेवढे आधी करावे.
- ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल पद्धतीने, एकाच पंपावर, सारख्या भारात किमान तीन वेळा मोजावे. एका फेरीवरून निष्कर्ष काढू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या वाहतूक खर्चात टायर आणि डिझेल हे दोन मोठे भाग आहेत. पण गटाच्या वहीत ते क्वचितच वेगळे दिसतात. प्रत्येक गाडीसाठी एक पान ठेवावे: तारीख, मीटर, लिटर, माल किती, वाट कोणती, हवा किती. तीन महिन्यांच्या नोंदींतून कोणती गाडी, कोणत्या टायरवर, कोणत्या वाटेवर किती खाते ते कळते. त्यावरून किलोमागे वाहतुकीचा खर्च काढता येतो आणि भाडे ठरवताना तो पुढे ठेवता येतो. गटातील चार-पाच गाड्यांचे टायर एकत्र घेतल्यास दर कमी करून मागता येतो. मात्र त्या वेळी दुकानदाराला आकार, भार निर्देशांक आणि तारीख या तिन्ही गोष्टी लिहून द्याव्यात. हवेचा एक चांगला मापक गटासाठी घेऊन संकलन केंद्रावर ठेवला, तर गाडी भरेपर्यंतच्या वेळात चारही चाके तपासून होतात.